टाक्याचा भाव ठरतो, तिच्या वेळेचा कधी ठरणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत त्यावर भरपूर चर्चा झाली. कारखान्यातल्या कामगाराचं काय होणार, कंत्राटी कामगाराचं काय, घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या पोरांचं काय? ही चर्चा गरजेचीच होती. पण या सगळ्यात एक कामगार कुणाला फारशी आठवली नाही. ती कारखान्यात जात नाही. घरातली पुढची खोली हेच तिचं वर्कशॉप. खिडकीजवळ शिलाई मशीन, खाटेखाली कापडाची गाठोडी, आणि आत गॅसवर सालन शिजतंय. ती गोधड्या शिवते, जानमाज शिवते, बाळंतविड्याची झबली-दुपटी करते, दुपट्ट्याला गोटा लावते, पोटल्या बनवते, क्रोशाचे रुमाल विणते. आणि कुणी विचारलं, ‘काय करता?’ तर म्हणते, ‘कुछ नहीं, घर पे ही रहती हूँ. थोडी सिलाई कर लेती.’

या ‘थोडी सिलाई’त आपल्या मोहल्ल्यांतल्या किती घरांची फी, औषधं आणि वीजबिलं भागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही या कामाला कुणी ‘काम’ म्हणत नाही. नवरा म्हणत नाही, ठेकेदार म्हणत नाही, सरकार अर्धवट म्हणतं, आणि बऱ्याचदा ती स्वतःही म्हणत नाही. माझ्या मते घरगुती कापडकामाचे धंदे अडतात ते कला कमी पडते म्हणून नाही, मेहनत कमी पडते म्हणून तर अजिबात नाही. ते अडतात कारण त्यात जाणारा बाईचा वेळ कुठेच मोजला जात नाही. आणि जो वेळ मोजला जात नाही, त्याची किंमत दुसरं कुणीतरी भरत असतं. पुष्कळदा ती घरातली शाळकरी मुलगी असते.

आकडे काय सांगतात?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाची चर्चा आपल्याकडे नोकऱ्या आणि शिक्षणापुरतीच जास्त झाली. त्यातला एक आकडा मात्र मागे राहिला. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया स्वतःच्या घरात बसून काम करतात, असं त्या अहवालात होतं. सगळ्या समाजांतल्या कामकरी स्त्रियांचा आकडा होता ५१ टक्के. म्हणजे घरातून काम करणं हा आपल्या बायकांसाठी अपवाद नाही, तोच नियम आहे.

आता अलीकडचं बघू. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. वाढ मोठी आहे आणि सरकार ती अभिमानाने सांगतं. पण त्याच सर्वेक्षणात कामकरी म्हणून मोजलेल्या स्त्रियांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणी ‘घरच्या उद्योगातल्या मदतनीस’ आहेत. मदतनीस म्हणजे काम आहे, पण हातात वेगळा पगार नाही. नवऱ्याच्या टेलरिंग दुकानाची काज-बटणं आणि हातशिलाई जी रोज घरात करते, ती या रांगेत बसते.

आणखी एक आकडा घरातल्या वेळेचा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपैशाचं घरकाम करतात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. शाळेचा जवळजवळ पूर्ण दिवस. मुलांना, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना सांभाळायचा वेळ सर्वेक्षणात वेगळा मोजला आहे. एवढं सगळं झाल्यावर जो वेळ उरतो, त्यात तिचा धंदा बसतो. ‘फावल्या वेळात करते’ असं आपण सहज म्हणून जातो. हा फावला वेळ दिवसात नेमका कुठे आहे, ते एकदा घड्याळ समोर ठेवून शोधायला हवं.

एका गोधडीचं गणित

मी शाळेत गणितही शिकवते, म्हणून एक उदाहरण फळ्यावर मांडल्यासारखं मांडते. रक्कम फक्त उदाहरणासाठी घेतली आहे, प्रत्येकीने आपले आकडे टाकून बघावेत.

समजा एका बाईने हाताच्या धावदोऱ्याने एक सिंगल गोधडी शिवली. वरचं कापड, अस्तर, दोरा, आत घालायच्या जुन्या सुती साड्या, सगळं मिळून ४०० रुपये लागले. गोधडी १२०० रुपयांना विकली. तिला वाटलं ८०० रुपये नफा झाला. शेजारणीलाही तसंच वाटलं. पण त्या गोधडीला ४० तास लागले असतील तर? ८०० भागिले ४०. तासाला २० रुपये. यातून अजून सुया गेल्या नाहीत, विजेचं बिल गेलं नाही, रिक्षा गेली नाही, आणि ज्या नणंदेने ‘पुढच्या महिन्यात देते’ म्हणून गोधडी नेली तिची उधारीही गेली नाही.

आता उलट बाजूने मांडू. तासाचे ५० रुपये धरले, तर ४० तासांचे २००० आणि कापडाचे ४००. किंमत झाली २४००. लगेच प्रश्न येतो की एवढे पैसे देणार कोण? बाजारात मशीनवर शिवलेली रजई त्याहून स्वस्त मिळते. प्रश्न बरोबर आहे, पण त्यातून निघणारं उत्तर ‘मग १२०० लाच विकू’ हे नाही. त्यातून दोन उत्तरं निघतात. एक, मशीनच्या मालाशी भावात स्पर्धा करायची असेल तर हातशिलाईची मोठी गोधडी हा त्यासाठीचा माल नव्हे. त्याऐवजी चार तासांत होणारं बाळाचं दुपटं, दोन तासांत होणारी पिशवी करावी. दोन, हातशिलाईची गोधडी करायचीच असेल तर ती हातशिलाईची म्हणूनच, तिची कदर करणाऱ्या गिऱ्हाइकालाच विकावी. वर्षातून चार विकल्या तरी चालतील, पण पूर्ण भावात.

जॉबवर्कचं गणित याहून कडू आहे. सोलापूरसारख्या शहरात रेडिमेड आणि गणवेशाचा उद्योग मोठा आहे. त्यातलं काज-बटण, दोरे कापणं, हातशिलाई असं बरंच काम घराघरांत होतं. इथे भाव नगावर ठरतो. समजा दुपट्ट्याला गोटा लावायचे नगाला ६ रुपये. तासाला पाच दुपट्टे झाले तर ३० रुपये. दोरा तिचा, लाइट तिची, माल आणायला-पोचवायला जायचं तिनेच, आणि एखादा नग नापास झाला तर तो कापायचा तिच्याच पैशातून. ठेकेदार कधी विचारत नाही की एका नगाला किती मिनिटं लागली. त्याला विचारायची गरजच पडत नाही, कारण आपणही सांगत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच की वही करा. शाळेची शंभर पानी वही पुरते. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला वेळ. मशीनवर बसताना वाजलेले किती, उठताना किती, एवढं लिहायचं. दर ठरवायला जवळच्या वर्कशॉपमध्ये कारागिराला जो रोज मिळतो त्याला आठने भागा. तो तुमच्या एका तासाचा कमीत कमी भाव. महिनाभर वही भरली की कुठला माल पोसतो आणि कुठला माल आपल्यालाच खातो, हे कुणी येऊन सांगायची गरज उरत नाही.

फरक कोण भरतं?

तासाला २० रुपये आणि तासाला ५० रुपये यातला फरक हवेत जात नाही. तो कुणीतरी भरतं. पहिल्यांदा ती स्वतः भरते. झोप कमी करून, डोळे आणि कंबर झिजवून. रात्री सगळे झोपल्यावर बल्बच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा घालणाऱ्या बाईला चाळिशीच्या आधीच चष्मा लागतो, मान धरते. औषधाचे पैसे मात्र कुणी गोधडीच्या हिशोबात धरत नाही.

दुसऱ्यांदा तो फरक मुलगी भरते. हे मी शिक्षक म्हणून लिहिते आहे. रमजानचा दुसरा अशरा सुरू झाला की वरच्या वर्गांतल्या काही मुलींची हजेरी विरळ होऊ लागते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. ‘मॅडम, अम्मी का ऑर्डर था.’ विजापूर वेशीतला मीना बाजार भरायच्या आत माल पोचवायचा असतो. आई मशीनवर, मोठी मुलगी मोती ओवते, लेस लावते, धाकट्याला सांभाळते, इफ्तारीची भजी तळते. ईदनंतर ती शाळेत येते तेव्हा बीजगणिताचे दोन धडे पुढे गेलेले असतात. एक-दोन वर्षं असं झालं की ती मागे पडते, आणि मग घरात बोलणं सुरू होतं की अभ्यासात मन नाही तर शिवणकामच शिकू दे.

आईला दोष द्यायचा नाही, हे आधीच सांगते. ती मुलीची दुश्मन नसते. ज्या भावात तिने ऑर्डर घेतली, त्या भावात मदतीला माणूस ठेवणं शक्यच नसतं. तासाला २० रुपये सुटतात त्यातून ती कुणाला काय देणार? म्हणून बिनपैशाचे हात लागतात आणि ते घरातल्या मुलीचेच असतात. मुलग्याचे क्वचित.

कायदाही इथे जरा मोकळा आहे. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली, पण कुटुंबाच्या उद्योगात, धोक्याचं काम नसेल तर, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करायला सूट ठेवली गेली. कागदावर ही सूट समजुतीची वाटते. आईला थोडी मदत केली तर काय बिघडलं? खरंच काही बिघडत नाही. हात कसबी होतो. पण ‘शाळा सुटल्यावर’ आणि ‘शाळा सोडून’ यातली रेषा घराच्या चार भिंतींत कोण तपासणार? तिथे कामगार निरीक्षक येत नाही. ती रेषा घरालाच आखावी लागते आणि भाव बरोबर असेल तरच ती आखणं परवडतं.

गणवेशातून मिळालेला धडा

वेळ न मोजण्याची चूक फक्त घरात होते असं नाही. सरकारनेही ती करून दाखवली. २०२४-२५ या शाळा-वर्षात राज्यात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. कापड एका ठिकाणाहून खरेदी करायचं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविमच्या बचत गटांकडून करून घ्यायची. ऐकायला किती छान! बायकांच्या हाताला काम, मुलांच्या अंगावर नवे कपडे. पण शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत. जे पोचले त्यातले बरेच मापात बसेनात. शिलाईचा दर परवडत नाही, अशी बायकांची तक्रार होती. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं.

बातम्यांत यावर ‘योजना फसली’ एवढंच आलं. काही लोक तर म्हणाले, बचत गटांच्या बायकांना जमलंच नाही. मला हे मान्य नाही. घरकाम आणि शेतकाम सांभाळून शिवणाऱ्या बाईला महिन्यात किती नग होतील, हा हिशोब आधी कुणी केला होता का? समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये धरलेले आहेत. त्यात कापडही आलं आणि शिलाईही. यात शिवणारीच्या तासाला काय उरतं, हे कुठल्या कागदावर मांडलं गेलं?

आता काम समित्यांकडे परत आलं आहे आणि यात आपल्यासाठी एक दार उघडं आहे. समितीत पालक बहुमतात असतात. आपल्या वस्तीतल्या चार-पाच शिवणाऱ्या बायका एकत्र आल्या, मार्चमध्येच मापं घेतली, दर आणि तारीख लेखी ठरवली, तर गावातल्या शाळेचं काम गावातच राहू शकतं. फक्त दर ठरवताना वही बरोबर न्यायची.

कागद कुणाच्या नावावर?

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरातून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. मालकासाठी, मोबदला घेऊन, स्वतःच्या घरात माल बनवणारी व्यक्ती, मग साधनं आणि कच्चा माल मालक देवो की न देवो. जॉबवर्क करणारी बाई यात थेट बसते. स्वतःचाच माल विकणारी बाई असंघटित क्षेत्रातली स्वयंरोजगारी ठरते. कायद्यात जागा आहे, पण त्या जागेवर बसायला नाव नोंदवावं लागतं. जगातली गोष्ट सांगायची तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठीचा करार १९९६ मध्येच केला होता. भारताने अजून त्याला मंजुरी दिलेली नाही. त्यामुळे आहे त्या कायद्यातूनच वाट काढावी लागणार.

नोंदणी म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. एक तर कागदपत्रांची भीती, दुसरं म्हणजे ‘टॅक्स लागेल’ ही समजूत. म्हणून मोजकंच सांगते.

ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला मिळतं आणि ते मोफत आहे. देशात ३० कोटींहून जास्त नोंदण्या झाल्या आहेत आणि त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. उद्यम नोंदणी म्हणजे तुमचा छोटा धंदा सरकार-दरबारी धंदा म्हणून लागणं. सरकारी पोर्टलवर तिला एक पैसाही लागत नाही. एजंट पैसे मागत असेल तर तो त्याच्या मेहनतीचे मागतो, सरकारचे नाही. जीएसटीची भीती तर बहुतेकींनी सोडूनच द्यावी. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर एवढ्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नंबर नसतानाही, पॅन देऊन आणि पोर्टलवर नाव लावून, आपल्या राज्यापुरतं ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकता येतं. हातकाम करणाऱ्यांसाठी केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं ‘पहचान’ ओळखपत्रही आहे. जरदोजी, आरी, भरतकाम करणाऱ्या बायकांनी ते जरूर काढावं.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, साधनांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख असं कर्ज. पण यात एक अट आहे जी बायकांना बाहेर ठेवते. कुटुंबातल्या एकालाच लाभ. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. नवरा गवंडी किंवा सुतार असेल आणि त्याने आधी फॉर्म भरला असेल, तर घरात रोज सहा तास मशीन चालवणारी बायको कारागीर म्हणून मोजलीच जात नाही. ज्या घरात दोघांचे दोन वेगळे हुन्नर आहेत, तिथे दोघांनाही जागा असावी, ही मागणी आपल्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी ठामपणे करायला हवी. धरणे-निवेदनांचे विषय आपल्याकडे कमी नाहीत, त्यात हा एक वाढवला तर हजारो घरांना उपयोग होईल.

सरकारी कागदाइतकाच महत्त्वाचा एक कागद घरात चिकटवलेला असतो. तो म्हणजे क्यूआर कोड. व्हॉट्सॲपवर ऑर्डर तिच्या नावाने येते आणि पैसे जातात नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात. वाईट हेतूने नाही, ‘उनका ही मोबाइल अच्छा है’ म्हणून. पण वर्षभराने बँकेत गेल्यावर तिच्या खात्यावर उलाढालच दिसत नाही. मग कर्ज नाही, पत नाही, आणि घरातही किती कमावले त्याचा पुरावा नाही. सूरह निसामध्ये स्त्रीच्या कमाईत तिचा हिस्सा स्पष्ट सांगितला आहे, हे आपण जलशांत ऐकतो. त्या शिकवणीचं सगळ्यात साधं रूप म्हणजे तिच्या गोधडीचे पैसे तिच्या खात्यात जाणं.

भांडवल आणि सूद

कर्जाचा विषय निघाला की आपल्या घरांत सूदचा प्रश्न येतोच, आणि तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचा नाही त्यांनी योजना पूर्णच सोडून द्याव्यात असं मात्र नाही. विश्वकर्मातलं प्रशिक्षण, विद्यावेतन आणि साधनांची मदत हे कर्ज नव्हे. कर्ज घेणं ऐच्छिक आहे. शिवाय कापडाच्या छोट्या कामाला सुरुवातीला मोठं भांडवल लागतच नाही. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घेतले तर कापड गिऱ्हाइकाच्याच पैशातून येतं. मोहल्ल्यातली भिशी आहे, काही शहरांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतसंस्था आहेत.

अडचण आगाऊ पैसे मागण्याची असते. गिऱ्हाईक म्हणजे मावशी, चाची, नणंद, नवऱ्याच्या दोस्ताची बायको. ‘घर की बात है’ म्हणत पैसे राहून जातात. यावर उपाय एकच आहे. नियम सगळ्यांना सारखा आणि तो लिहून भिंतीवर लावलेला. ‘आधी निम्मे, माल नेताना निम्मे.’ नातं आपल्या जागी, हिशोब आपल्या जागी. ज्या खालाला हे पटणार नाही ती तशीही पूर्ण पैसे देणार नव्हती.

एकटीचा भाव पडतो

जॉबवर्कमध्ये एकटी बाई भाव वाढवून मागते तेव्हा ठेकेदार शेजारच्या घरात माल टाकतो. हे आपल्या शहरांत होतं तसंच अहमदाबादमध्येही होत होतं. तिथे गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवणाऱ्या मुस्लिम बायका होत्या. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने त्यांना सत्तरच्या दशकात एकत्र केलं. व्यापाऱ्यांनी काम बंद केलं तेव्हा बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. लखनौमध्ये चिकनकारीचं बहुतेक काम घरात बसलेल्या मुस्लिम बायकाच करतात. तिथे १९८४ मध्ये ‘सेवा लखनौ’ उभी राहिली आणि दलालाला वगळून माल थेट विकायला लागली. चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक म्हणजे जीआयही मिळाला. तिथले सगळे प्रश्न सुटले असं कुणी म्हणणार नाही, पण भाव मागायची ताकद एकत्र येण्यातून आली, जीआयच्या शिक्क्यातून नाही.

महाराष्ट्रात बचत गटांचं जाळं मोठं आहे. आपल्या वस्त्यांतही गट आहेत, पण बरेच गट कर्जाच्या हप्त्यापुरते जमतात. एका गल्लीतल्या दहा जणींनी निदान एवढं ठरवलं की नगाला अमुक भावाच्या खाली कुणीच काम घ्यायचं नाही, तर ठेकेदाराला दहा दारं बंद मिळतील. अकरावी गल्ली त्याला मिळेलही. मग तिथेही बोलायला जायचं.

घराने काय करायचं?

शेवटी सगळं घराशी येऊन थांबतं. नोंदणी झाली, भाव वाढला, तरी दिवसाचे तास चोवीसच राहणार. म्हणून कामाची वेळ घरात जाहीर असावी. सकाळी मुलं शाळेत गेल्यापासून जुहरपर्यंत अम्मी कामावर आहे, हे लहान मुलालाही माहीत असलं पाहिजे. नवरा दुकानावर असताना आपण त्याला ‘जरा दूध आणून दे’ असा फोन करत नाही. तीच सवलत मशीनवर बसलेल्या बाईला द्यावी.

ईदचं काम रमजानमध्ये सुरू करू नये. ईदची तारीख आपल्याला दोन-तीन महिने आधीच अंदाजाने माहीत असते. टिकणारा माल, म्हणजे पोटल्या, जानमाज, टोप्या, रजब-शाबानमध्ये शिवून ठेवता येतो. रमजानमध्ये फक्त शेवटचा हात फिरवायचा. आणि ऑर्डर घेताना आधी कॅलेंडर बघावं. त्यात मुलीच्या परीक्षेच्या तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असाव्यात. त्या आठवड्यात नवी ऑर्डर नाही, गिऱ्हाईक कितीही जवळचं असलं तरी.

मुलीने काम शिकू नये असं मी म्हणणार नाही. हातातली कला ही मोठी दौलत आहे. पण आईच्या धंद्यात तिला मदत करायचीच असेल तर सुट्टीत करू दे आणि वही तिच्या हाती देऊन करू दे. तासाचा भाव काढायला, नफा-तोटा मांडायला, ऑनलाइन फोटो टाकायला ती शिकली तर शाळेतलं गणित आणि मराठी-इंग्रजी तिथेच कामाला येईल. मोती ओवायला तिला बसवलं तर आई जिथे अडकली तिथेच तीही अडकेल.

कामगार संहितांचे नियम, बोर्ड, निधी हे सगळं यायला वेळ लागेल. आपल्या आमदार-नगरसेवकांना त्याबद्दल विचारत राहू. तोवर पुढच्या ऑर्डरच्या आधी एक गोष्ट करता येते. समोर वही ठेवायची, लागणारे तास मोजायचे आणि मगच भाव सांगायचा.